पटकेकरीण

केतकी दाबकेचा पहिला फोन आला तेव्हा मी एका म्हशीच्या तोंडासमोर कॅमेरा धरून उभी होते.

"यशोधरा मॅडम, सध्या नवीन संधींचा काही विचार करताय का?"

"सध्या म्हशीनं मान इकडं वळवावी एवढाच विचार करतेय," असं म्हणून मी फोन ठेवला.

अठरा वर्षं मी कोल्हापुरात धवलगंगा पशुखाद्याचं मार्केटिंग बघत होते. 'विचारा म्हशीला!' ही जाहिरात माझीच. तुमच्या भागात ड्रोननं पेंडीची पोती उतरत असतील, तर पोत्यावरची ती डोळे मिचकावणारी म्हैससुद्धा माझीच. एवढं करूनही आमच्या कंपनीत मला कोणी कधी 'छान' म्हटलं नव्हतं. केतकीनं म्हटलं. दुसऱ्या फोनवर म्हटलं, आणि तिसऱ्या वेळी ती पुण्याहून गाडी करून आली आणि ताराबाई पार्कातल्या एका कॅफेत बसून पाऊण तास म्हणत राहिली. बाई माझ्या जाहिराती तोंडपाठ करून आली होती. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं, माझं पोटच त्यावर चालायचं. तरी मी चढले.

"घरी कोण कोण असतं मॅडम?" तिनं मध्येच विचारलं.

"मी एकटीच. एक धाकटा भाऊ आहे, मानसिंग. पुण्यात जिममध्ये कोच आहे."

"हो का? छान," ती म्हणाली आणि कॉफीत साखर ढवळत राहिली.

मी मुलाखतीला हो म्हणण्यामागं कौतुक होतंच. पण खरं कारण मानसिंग होता. आठ महिने तो घरी फिरकला नव्हता. फोनवर बोलणं तुटक, व्हिडिओ कॉल तर नाहीच. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी अठराची. त्याला न्हाऊ घालणं, शाळेत घालणं, तालमीत सोडणं सगळं मीच केलं. पुण्याला जाऊन त्याचा कान धरावा, असं मनात होतं.

आमच्या तालमीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे वडील, तात्या, माळवाडीच्या तालमीचे वस्ताद. त्या तालमीत एक रीत होती, जी मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. आमचा पैलवान कधी स्वतःहून जमिनीवर हात आपटून हार मानायचा नाही. त्याचं एक माणूस कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला पटका घेऊन बसायचं. पैलवानाचा हात किंवा मान जायला आली, की त्या माणसानं पटका मातीत टाकायचा. पटका पडला की कुस्ती सुटली, मग समोर कोणीही असो. "लढणाऱ्याला आपलं दुखणं कळत न्हाई," तात्या म्हणायचे, "बघणाऱ्याला कळतंय. लढायचं त्यानं लढावं, बघायचं त्यानं बघावं."

त्या माणसाला पटकेकरी म्हणत. मानसिंग नऊ वर्षांचा झाल्यापासून त्याची पटकेकरीण मी. बाईमाणूस हौद्यापाशी बसतं म्हणून गाव कुजबुजलं, तात्यांनी लक्ष दिलं नाही. कुस्ती सुरू होण्याआधी मानसिंग चिमूटभर माती कपाळाला लावून माझ्याकडं बघायचा. म्हणजे, बसलीस ना? मी हात वर करायचे. म्हणजे, बसलेय. मग तो दुसऱ्यांदा माझ्याकडं बघायचा नाही. अकरा वर्षांत मी चार वेळा पटका टाकला. त्यातला एकदा जरा लवकर पडला, तर पठ्ठ्या तीन दिवस माझ्या हातचं जेवला नाही.

पुण्याला निघताना मी त्याला फोन केला. "मंगळवारी बाणेरला मुलाखत आहे माझी. संध्याकाळी भेट."

"मंगळवारी कामात हाय गं आक्का," तो म्हणाला. "बुधवारी बघू."

*

केतकीच्या कंपनीचा संचालक हर्षवर्धन सुखटणकर हा पन्नाशीतला, हळू आवाजात बोलणारा माणूस होता. त्यानं स्वतःच्या हातानं मला चहा ओतून दिला. मला असली माणसं आवडतात. तेव्हा आवडायची.

"दुसऱ्याचं बोट दारात चेमटलं तर आपण 'आई गं' म्हणतो," तो म्हणाला. "बोट त्याचं, आई आपली. असं का होतं?"

मग त्यानं सोप्या शब्दांत समजावून सांगितलं. आपल्याला लागतं तेव्हा मेंदूतले दोन भाग जागे होतात. एक कानशिलाच्या आत, खोल घडीत असतो आणि दुसरा मेंदूच्या मध्यावर. दुसऱ्याला लागलेलं बघतानाही बरोबर तेच दोन भाग जागे होतात. म्हणजे दुसऱ्याचं दुखणं कळायला मेंदूकडं वेगळी सोय नाही, तो स्वतःचं दुखणंच थोडं उसनं वापरतो. आता कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी जर बाहेरून चारी बाजूंनी सोडल्या आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर एकत्र आणल्या, तर तेवढीच जागा गप्प करता येते. चिरफाड नाही, औषध नाही. स्वतःचं दुखणं जवळपास तसंच राहतं, बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत. फक्त दुसऱ्याचं दुखणं आपल्यापर्यंत पोचत नाही. पट्टा काढल्यावर पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत.

"भाजलेल्या लोकांची मलमपट्टी करणाऱ्या नर्सेससाठी केलं होतं आम्ही हे," तो म्हणाला. "हात थरथरू नये म्हणून. पण दवाखाने किती आणि नर्सेस किती? बाजार लहान."

मोठा बाजार त्याला कुस्तीत सापडला होता. महामल्ल लीग नावाच्या, एकानं हार मानेपर्यंत चालणाऱ्या बिननियमांच्या कुस्त्या गेली दोन वर्षं घरोघरी बघितल्या जात होत्या. लढणाऱ्यांच्या शिरस्त्राणात आता हाच पट्टा बसवला होता, समोरच्याचं हाड वाकताना हात आखडू नये म्हणून. अडचण प्रेक्षकांची होती.

"हे बघा," म्हणत त्यानं पडद्यावर एक दृश्य लावलं. एका पैलवानाचा गुडघा उलट्या बाजूला वाकत होता. मी मान फिरवली.

"चार सेकंद," सुखटणकर म्हणाला. "सरासरी साडेतीन आहे. तुम्ही कणखर आहात. पण दुखणं हेच आहे आमचं. लोकांना मारामारी हवी असते, मोडलेलं हाड नको असतं. नेमकं तिथं ते तोंड फिरवतात. आम्हाला पट्टा प्रत्येक घरात न्यायचाय मॅडम. टीव्हीसोबत रिमोट असतो तसा. हे काम तुमचं."

मला काम कळलं. वाईट आहे हेही कळलं, उगाच भोळेपणाचा आव आणत नाही. पण अठरा वर्षं पेंड विकलेल्या बाईला कोणीतरी मेंदू विकायला बोलावलं होतं. वरून एका टॅबवर सही मागितली, मुलाखतीच्या चित्रीकरणाला संमती म्हणून. खाली बारीक अक्षरांत बरंच काही होतं. जन्मभर मी पोत्यांवर बारीक अक्षरं छापत आले आणि त्या दिवशी स्वतः वाचली नाहीत.

सुखटणकरनं माझ्या कपाळावर पट्टा बांधला. तापात ओला रुमाल ठेवतात तसा गार लागला. बाकी काहीच झालं नाही. मला वाटलं, यंत्र बंदच आहे.

"आता प्रत्यक्ष लढत बघत बघत माझ्या प्रश्नांना उत्तरं द्या," तो म्हणाला आणि समोरचा पडदा सरकला.

काचेपलीकडं खाली हौदा होता. खरी लाल माती. दोन पैलवान. एक दाराएवढा धिप्पाड, त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. दुसरा आमच्याकडं पाठ करून उभा होता. तो वळला.

'अरे, मानसिंग,' माझ्या मनात आलं. बस, एवढंच. सिग्नलला ओळखीची गाडी दिसावी, तेवढंच मला वाटलं.

त्यानं मला बघितलं. आधी दचकला, चोरी पकडल्यासारखा. मग त्याचा चेहरा एकदम सैल झाला आणि तो हसला. त्यानं खाली वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि माझ्याकडं बघितलं.

माझा हात वर गेला. अकरा वर्षांच्या सवयीनं गेला. माझं त्यात काहीच नव्हतं.

लढत सुरू झाली. धिप्पाड माणसानं पहिल्याच झटापटीत मानसिंगच्या तोंडावर कोपर हाणलं. त्यानं दात थुंकला, तो मातीत पांढरा दिसत होता. मग गुडघा बरगड्यांत, पुन्हा त्याच जागी, पुन्हा त्याच जागी. मानसिंगनं पाय धरून त्याचा पट काढायचा प्रयत्न केला, पण तो धिप्पाड गडी उलटा फिरला आणि मानसिंगच्या पाठीवर बसला. त्याचा उजवा हात मागं ओढून वर न्यायला लागला.

"आता या क्षणी," सुखटणकरनं विचारलं, "टीव्हीसमोरच्या माणसाला काय वाटत असेल?"

"भीती," मी म्हटलं. "पण पैलवानाची नाही. स्वतःला आत्ता कसंतरी होणार, याची."

"बरोबर. मग त्याला काय सांगायचं?"

हात खांद्याच्या वर गेला होता. मानसिंगचा डावा हात मोकळा होता. तळवा जमिनीवर आपटला असता तर लढत तिथंच थांबली असती. त्यानं आपटला नाही. त्यानं मान वळवली आणि काचेकडं बघितलं. माझ्या गळ्यात ओढणी होती.

"घाबरलेल्या माणसाला 'शूर हो' म्हणायचं नाही," मी म्हटलं. "त्याचा अपमान होतो. त्याच्या शेजारी बसून, घरच्यासारखं म्हणायचं. बघा ना, काही होत नाही."

सुखटणकरनं ते लिहून घेतलं.

खांदा निसटला. खोलीत स्पीकर होते, आवाज स्वच्छ आला. धिप्पाड माणूस थांबला नाही. आमच्या तालमीत हाताखालचा सांधा उघडायला लागला की अंगठ्याला कळतं आणि हात आपोआप ढिला पडतो. पट्ट्यामुळं त्याच्या अंगठ्याला काही कळत नव्हतं. त्यानं कोपर उलटं केलं. मग मानसिंगचं डोकं एका बाजूला मातीत दाबून, निखळलेला हात धरून दुसऱ्या बाजूला हिसडा दिला. एक, दोन, तीन. मानसिंग ओरडला तो पहिल्याच हिसड्याला. नंतर त्याचं तोंड मातीत होतं. तरी एक डोळा वर होता आणि तो माझ्याकडंच होता.

"बेचाळीस सेकंद," सुखटणकर हळू आवाजात म्हणाला. "एकदाही नजर हलली नाही. कमाल आहे."

त्यानं पट्टा काढला. मी उरलेला चहा प्यायले. कोणाला रिपोर्ट करायचं, कोल्हापूरहून काम करता येईल का, असंही विचारलं. हस्तांदोलन केलं. लिफ्टनं खाली आले आणि लॉबीतल्या सोफ्यावर गाडीची वाट बघत बसले.

गाडी आलीच होती, तेवढ्यात माझ्या कोपरात कळ आली. मग खांदा. उजवा. मग एकदम सगळं आलं, डोळा आला, दात आला, आणि माझा वर गेलेला हात आला. मी त्या चकचकीत फरशीवर भडाभडा ओकले. उठून आत पळाले तर काचेचं दार बंद. मी त्यावर मुठी मारल्या. मानसिंग, मानसिंग म्हणून ओरडत होते. गार्ड म्हणत होता, "मॅडम, अपॉइंटमेंट हाय का?" काच तडकली तेव्हा माझ्या दोन बोटांची हाडं मोडली होती आणि मनगटातून रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

खिशात फोन वाजला. 'अभिनंदन! आपली निवड झाली आहे.'

*

मानसिंगच्या मानेतून हाताकडं जाणाऱ्या नसा मुळापासून उपटल्या गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. हात अंगाला राहील, पण तो आता त्याचा नाही. बोट हलणार नाही, चटका कळणार नाही.

तिसऱ्या दिवशी मानसिंग बोलला.

"तुला सांगितलं न्हाई, ही चूक माझीच," तो म्हणाला. "कोच म्हणून आलतो. मग ह्यांनी लीगचं इचारलं. तू नगं म्हणली असतीस."

माझ्या हातालाही प्लास्टर होतं.

"पटका न्हवता व्हय आक्का?"

"नव्हता."

"वढणी हुती की."

मी त्याला पट्ट्याचं सगळं सांगितलं. तांदळाचा दाणा, ध्वनिलहरी, पंधरा मिनिटं. रडत सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हात वर केलास तू," तो म्हणाला. "मी म्हटलं, आक्का बसलीया. आता कशाला भ्यायाचं? डावा हात मोकळा हुता माझा. आपटला असता. पर तू बसली हुतीस न्हवं."

"मानसिंग, मी..."

"मग तू हुतीस का न्हवतीस? त्येवढं सांग."

होते म्हणावं तरी पाप आणि नव्हते म्हणावं तरी खोटं.

पंधरा दिवसांनी जाहिरात आली. फोनवर, टीव्हीवर, कोल्हापूरच्या एसटी स्टँडवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर. डाव्या अर्ध्या भागात मानसिंगचा वाकणारा हात. उजव्या अर्ध्या भागात माझा शांत चेहरा. माझा आवाज: 'बघा ना, काही होत नाही.' आणि शेवटी पांढऱ्या अक्षरांत: 'ही त्याची सख्खी बहीण आहे. निवांत पट्टा. लवकरच तुमच्या घरी.'

मी केतकीला फोन लावला. "तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. नोकरी वगैरे काही नव्हतीच. तुम्हाला मीच हवी होते जाहिरातीला."

"नोकरी आहे मॅडम, अजूनही आहे," ती म्हणाली. "आणि तुमच्या कामाची मी खरंच चाहती आहे. तुम्ही दोघंही सज्ञान आहात, दोघांच्याही सह्या आहेत."

वकिलानंही सह्या बघितल्या आणि मान हलवली. जाहिरात मानसिंगनं स्टँडवरच बघितली, माळवाडीची गाडी पकडताना. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. तालमीच्या पायरीवर बसायचा, पोरांच्या कुस्त्या बघायचा. मी गेले की उठून आत जायचा. आईविना वाढवलेलं पोर माझ्या सावलीला उभं राहीना. मी घरी येऊन भिंतीवर डोकं आपटून घ्यायचे, अक्षरशः, कपाळ सुजेपर्यंत.

दोन महिन्यांनी मी सुखटणकरला फोन केला. "पद भरलंत का?"

"तुमच्यासाठीच ठेवलंय," तो म्हणाला. त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्याला वाटलं, सगळ्यांनाच शेवटी सवय होते.

माझा बेत साधा होता. पट्टा बाजारात उतरवायचा समारंभ पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात होणार होता. राज्यभरातले दोनशे विक्रेते येणार होते. त्यांच्यासमोर उभं राहून, ती मुलाखत कशी झाली ते सगळं सांगायचं. दोनशे माणसांतल्या निम्म्यांना तरी बहीणभाऊ असतील.

*

सकाळचे अकरा. प्रत्येक खुर्चीवर एक पट्टा ठेवला होता, पाहुण्यांनी स्वतः अनुभव घ्यावा म्हणून. दारावरच्या गार्डना आणि वाढप्यांनाही पट्टे होते. ती कल्पना माझीच. नोकरी करायची म्हटल्यावर मी नीट करते. पहिल्या रांगेत सुखटणकरची बायको बसली होती, मोरपिशी साडीवर कपाळाला पट्टा बांधून. सुखटणकर स्वतः मात्र तो कधीच घालत नसे.

त्याच रांगेच्या टोकाला मानसिंग बसला होता. कंपनीनं त्याला सन्माननीय पाहुणा म्हणून बोलावलं होतं आणि तो आला होता. का आला, ते मला कळेना. उजवा हात झोळीत, डोक्याला तात्यांचा हळदी रंगाचा पटका. स्वागताच्या मुलीनं पट्टा पुढं केला तेव्हा त्यानं डाव्या हातानं तो बाजूला सारला. "नगं."

मी मंचावर गेले आणि सांगितलं. केतकीच्या फोनपासून सांगितलं. तात्यांची रीत सांगितली, माझा वर गेलेला हात सांगितला, मातीतला डोळा सांगितला. माझा आवाज दोनदा फुटला. दहा मिनिटं लागली.

दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"छान बोललात मॅडम," तिसऱ्या रांगेतला लातूरचा विक्रेता फोनवरून नजर न काढता म्हणाला. "एकदम मनाला भिडलं."

मी मूर्ख. अठरा वर्षं पेंड विकली आणि गिऱ्हाइकाच्या कपाळावर काय बांधलंय ते बघायचं विसरले.

सुखटणकर हसत मंचावर आला. "बघितलंत?" तो माइकवर म्हणाला. "हीच या वस्तूची ताकद." आणि त्यानं माझ्याशी हात मिळवायला उजवा हात पुढं केला.

मी तो धरला. बोटं जुळली होती, जोर परत आला होता. तात्यांनी मला मानसिंगच्या आधी शिकवलं होतं. मनगट फिरवलं, त्याच्या बगलेखालून शिरले, हात त्याच्या पाठीवर आणला आणि त्याला गुडघ्यावर पाडलं. त्याचं तोंड फळीवर आपटलं, ओठ फुटला. कॉलरला लावलेल्या माइकवर त्याची किंकाळी सभागृहभर गेली.

कोणीही हललं नाही. सगळे बघत होते, लक्ष देऊन.

मी हात वर नेला. तो बायकोचं नाव घेऊन ओरडायला लागला. "कोणीतरी उठा," मी म्हटलं. "रुमाल टाका, टोपी टाका, काहीही टाका. टाकलंत की सोडते मी." दारावरचे गार्ड हाताची घडी घालून बघत होते. मी पहिल्या रांगेकडं वळले. "ताई, तुमचा माणूस आहे."

तिनं चष्मा सारखा केला. "अजून किती वेळ चालेल हे?" तिनं विचारलं. "नाही, जेवणाचं सांगायचंय."

खांदा निसटला. तोच आवाज, तसाच स्वच्छ. सुखटणकर फळीवर कपाळ घासत होता आणि त्याच्या नाकातोंडातून रक्ताचे फुगे येत होते. मागून एक हात वर झाला.

"मॅडम, एका चार्जिंगमध्ये किती तास चालतो?"

"सहा," मी म्हटलं.

आणि खरं सांगते, लपवत नाही. माझ्या कपाळावर पट्टा नव्हता, तरी मला काहीही वाटत नव्हतं. बरं वाटत होतं. मी कोपराला हात घातला. सांधा उघडायला लागला, अंगठ्याला ते कळलं. इथं थांबायचं असतं हे अंगठ्यानं सांगितलं आणि मी थांबले नाही. आणखी दाबलं. मला ते मोडायचं होतं. मग मान.

मंचाच्या कडेला काहीतरी पिवळं पडलं.

अर्धवट उलगडलेला पटका होता. एका हातानं सोडून, एका हातानं टाकलेला, त्यामुळं नीट पोचलाच नव्हता. अर्धा मंचावर, अर्धा खाली लोंबत होता.

माझे हात सुटले. मी सोडले नाहीत, ते सुटले. आणि त्याच क्षणी सुखटणकरचं ओरडणं मला ऐकू आलं. इतका वेळ तो ओरडतच होता.

कार्यक्रम संपला असं वाटून लोक पट्टे काढायला लागले. मी स्वतःच ॲम्ब्युलन्सला आणि पोलिसांना फोन केला. सुखटणकर कुशीवर पडून कण्हत होता. त्याच्याजवळ जायची माझी छाती होईना. मी मंचाच्या पायरीवर बसले. मानसिंग आला आणि शेजारी बसला. बोडक्या डोक्यानं. जाहिरात आल्यापासून पहिल्यांदा.

पट्टे निघाल्यापासून पंधराव्या मिनिटाला पहिल्या रांगेतली मोरपिशी साडी उठून उभी राहिली, मंचाकडं बघत दोन पावलं आली आणि तिनं असा काही हंबरडा फोडला की मी कान झाकून घेतले. मग मागच्या रांगा. कोणी ओकत होतं, कोणी खुर्च्या ढकलून दाराकडं पळत होतं. लातूरचा तो माणूस तोंडात मूठ घालून रडत होता. मानसिंगनं डाव्या हातानं माझा एक हात कानावरून खाली घेतला आणि धरून ठेवला. बाहेर पोलिसांची गाडी आल्याचं ऐकू येत होतं.

"तू कशाला आलास रे इथं?" मी विचारलं.

"तू मैदानात हुतीस न्हवं," तो म्हणाला. "कुणीतरी बसाय नगं?"